आबा लिहितायत

घशाचं ऑपरेशन झाल्यावर आबांना बोलता येणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण ऐकणं वेगळं आणि घरात तो माणूस गप्प बसलेला बघणं वेगळं.

आबा म्हणजे माझे सासरे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात उभं आयुष्य काढलेले, शेवटची बरीच वर्षं हमालांच्या टोळीचे मुकादम. त्यांनी एका टोकाहून हाक मारली की दुसऱ्या टोकाच्या ट्रकवरचा माणूस वळून बघायचा. घरातही त्यांना हळू बोलता येत नसे. लग्नानंतर पहिले काही महिने मला वाटायचं, हे सतत कोणावर तरी चिडलेले आहेत. मग कळलं, ते चहा मागत असायचे.

तो आवाज गेला. गळ्याच्या खाली एक भोक आलं, त्यातून श्वास. दवाखान्यातून निघताना नर्सने एक लहान मुलांची पाटी घेऊन ठेवायला सांगितली. आम्ही घेतली. आबांनी ती दोन-चार दिवस वापरली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्याशी असायच्या, चष्मा कपाटावर, हात पिठात. आबा पाटी उंच धरून उभे राहायचे. आई म्हणायच्या, "थांबा, हात धुते." हात धुऊन चष्मा लावेपर्यंत आबांनी पाटी पुसलेली असायची.

कोपरखैरण्यातलं आमचं घर लहान आहे, पण त्या दिवसांत ते फारच शांत झालं होतं. नवरा तळोज्याला केमिकल कंपनीत शिफ्टला. मी रबाळ्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत. घरी आबा आणि आई.

दवाखान्यात रेडिएशनचा लाइट देऊन झाल्यावर महिन्याभरात कोरेगावहून नणंदेचा फोन आला. तिचे दिवस भरत आले होते आणि सासरी करायला कोणी नव्हतं. आई जायला तयार होईनात. ह्यांना असं टाकून कशी जाऊ, म्हणाल्या. आबांनी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "जा." आई रडल्या आणि गेल्या.

मग फोनची पंचाईत सुरू झाली. आबांना ऐकू व्यवस्थित येत होतं, बोलता येत नव्हतं. आईंनी फोन करायचा, विचारायचं, आणि आबांनी नखाने फोनवर टकटक करायची. एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही. पण आई प्रश्नच असे विचारायच्या.

"आवं, जेवला का न्हाई? काय क्येलतं? परवासारखं ठसका तर न्हाई लागला?"

याला किती वेळा वाजवायचं? आबा फोन माझ्या हातात द्यायचे आणि गॅलरीत जाऊन उभे राहायचे. काही दिवसांनी आईच म्हणाल्या, "मी एकटीच किती बडबडू गं. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय."

मी आबांना मेसेज पाठवायला शिकवलं. ते लिहायचे आणि पाठवायचे. पण आईंचा फोन नणंदेच्या घरात कुठेतरी चादरीखाली असायचा. संध्याकाळी बघितलं की चार-पाच ओळींचा गठ्ठा. आई चौथीपर्यंत शिकलेल्या, एकेक अक्षर लावून वाचणाऱ्या. गठ्ठा बघून त्या फोन खाली ठेवायच्या. "निवांत वाचते," म्हणायच्या. तोवर आबा झोपलेले असायचे.

माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं त्यातूनच आलं. पूर्वी वेबपेजला काही नवं हवं असलं की ते सर्व्हरला विचारायचं, सर्व्हर उत्तर द्यायचा आणि संबंध संपायचा. नवं काही आलंय का? नाही. आता? नाही. दिवसभर हेच. आता एकदा जोडलं की दोघांमधली लाइन उघडी राहते. दोन्हीकडून कोणीही, न विचारता, वाटेल तेव्हा काही पाठवू शकतं. ऐकायला सोपं आहे. ती लाइन उघडी ठेवत राहणं, हे माझं काम. नेट जातं, फोन झोपी जातो, माणूस लिफ्टमध्ये शिरतो, आणि लाइन तुटलेली असते पण सर्व्हरला ते कळत नाही. तो बापडा समोर कोणी आहे असं समजून बसलेला. म्हणून दर थोड्या वेळाने दोन्हीकडून खूण करावी लागते, आहेस का, आहे. उत्तर आलं नाही की तोडायचं आणि परत जोडायचं.

आमची कंपनी दुकानांना त्यांच्या वेबसाइटवर गिऱ्हाइकांशी बोलायची खिडकी बनवून देते. त्यात एक सोय आम्ही केली होती. गिऱ्हाईक लिहीत असतानाच, पाठवायच्या आधीच, त्याची अक्षरं दुकानाच्या बाजूने उत्तरं देणाऱ्या मुलीला दिसतात. म्हणजे तिला उत्तराची तयारी करता येते. गिऱ्हाइकाला हे कोणी सांगत नाही. मला ती सोय कधीच आवडली नव्हती, पण मीच ती लिहिली होती. माणसं काय काय लिहून पुसतात. शिवी लिहून पुसतात आणि "कृपया लवकर कळवा" असं पाठवतात.

एका दुपारी ती खिडकी तपासताना मला आबा आठवले.

रविवारी बसून मी एक साधं पान बनवलं. वर मोठी पांढरी चौकट, तिच्याखाली लिहायला लहान चौकट, मोठी अक्षरं. एकीकडे लिहिलं की दुसरीकडे तेव्हाच उमटणार, अक्षर अक्षर. पाठवायचं बटण नाही. खाली एक गोल, समोरचं माणूस जोडलेलं असेल तर हिरवा, नाहीतर राखाडी. आबांना जुना टॅब दिला. नणंदेला सांगितलं, आईंच्या फोनवर हे पान उघडून तो डब्याला टेकवून ठेव आणि तुझ्या फोनवरून आम्हाला कॉल लाव. आई बोलतील ते आबा ऐकतील, आबा लिहितील ते आई बघतील.

संध्याकाळी कॉल लागला. आबा टॅब मांडीवर घेऊन बसले, एका बोटाने अक्षर शोधत.

पलीकडून आईंचा आवाज आला. त्या वाचत होत्या. "ब... बा... बाळ... बाळा... बाळाची... आँ? बाळाची काय? अजून न्हाई झालं आवं, पुढच्या महिन्यात म्हनलेत."

आबांचं वाक्य पुरं झालंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग परत लिहायला लागले.

"त... तया... तयारी... हा, तयारी. झाली सगळी. दुपटी धुतली. तुमी गोळ्या घेताय का?"

आबांनी हो लिहिलं असतं तर संपलं असतं. त्यांनी "रात्रीची" असं लिहिलं, थांबले, पुसलं आणि "घेतो" लिहिलं.

"पुसू नका," आई म्हणाल्या. "रातची म्हनून लिवलंत मगाशी. रातची इसरता ना?"

आबांच्या तोंडावर असा भाव आला, जो मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. त्यांनी भराभर लिहायला घेतलं, चुकीची अक्षरं पडत होती, आई ती चुकीचीच मोठ्याने वाचत होत्या आणि मधेच तोडून बोलत होत्या, आणि आबा त्यांचं बोलणं चालू असतानाच पुढचं लिहीत होते. दोघं भांडत होती. गोळ्यांवरून, मग दूधवाल्यावरून, मग कुठल्यातरी जुन्या गोष्टीवरून, जी मला माहीत नव्हती. आबा हसले. त्यांचं हसणं आता आवाजाशिवाय असतं, खांदे हलतात आणि गळ्यातून हवा फसफसते. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भाताला पाणी ठेवलं. मला बरं वाटलं होतं, पण त्याहून जास्त, मी दमले होते.

नंतर ते रोजचंच झालं, आणि रोजचं झालं की ते माझ्या अंगावर पडलं. कोरेगावला नेट जायचं. कॉल चालू असायचा आणि अक्षरं थांबायची. आई ओरडायच्या, "अगं, बंद पडलं गं तुझं!" फोनची स्क्रीन विझली की पान झोपायचं. नणंदेच्या नवऱ्याने फोन साफ करताना एकदा पानच घालवलं. मी ऑफिसमध्ये मीटिंगमध्ये असताना घरचा नंबर वाजायचा आणि उचलल्यावर नुसती टकटक ऐकू यायची. म्हणजे आबा. म्हणजे गोल राखाडी झालाय.

त्याच सुमाराला ऑफिसात एका मोठ्या दुकानाचा सेल होता. भर दुपारी आमचा सर्व्हर बसला. चालू केला, तर तुटलेली सगळी गिऱ्हाइकं एकाच क्षणी परत जोडायला धावली आणि त्या रेट्याने तो पुन्हा बसला. असं तीन-चारदा झालं. टीम लीड माझ्या खुर्चीमागे उभा. मी शेवटी अशी सोय केली की प्रत्येकाने परत यायच्या आधी वेगवेगळा वेळ थांबायचं. मग हळूहळू सगळं उभं राहिलं. लीड म्हणाला, "गुड, आता रिपोर्ट टाक." मी रिपोर्ट टाकला. घरी आले तर आबा दारातच टॅब घेऊन उभे.

"आबा, पाच मिनिटं बसू द्या," मी म्हटलं.

ते लगेच आत गेले. मला वाईट वाटलं, पण मी ती पाच मिनिटं बसले.

नणंदेला मुलगी झाली. फोटो आले. आई आता बाळात अडकल्या आणि कॉल कमी झाले. आबा दुपारी टॅब घेऊन बसायचे, गोल हिरवा व्हायची वाट बघत. ते मला माहीत होतं, कारण लाइन का तुटते ते बघायला मी ते पान माझ्या ऑफिसच्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात उघडं ठेवलेलं असायचं. मी देखरेखीसाठी जोडलेली होते, त्यामुळे माझा गोल कोणालाच दिसत नव्हता. ते मी मुद्दाम केलं नव्हतं. तसं करायचं सुचलं नव्हतं, इतकंच.

एका दुपारी, जेवणाची सुट्टी संपून सगळे परत बसत होते, तेव्हा कोपऱ्यात अक्षरं उमटायला लागली. आईंचा गोल राखाडी होता. पलीकडे कोणी नाही हे आबांना दिसत होतं. तरी ते लिहीत होते.

"तू ये आता."

थोडा वेळ तसंच. मग पुसलं गेलं, मागून पुढे, एकेक अक्षर.

"मला झोपताना भीती वाटते. भोक बंद होईल असं."

ते बराच वेळ राहिलं. शेजारच्या मुलीने मला काहीतरी विचारलं आणि मी काहीतरी उत्तर दिलं. मग तेही पुसलं जायला लागलं. "वाटते" गेलं. "भीती" राहिली.

मी पान बंद करू शकले असते. आबांना कधीच कळलं नसतं. पण संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून जेवायचं होतं, आणि गेले कित्येक महिने मी रोज लोकांनी पुसलेलं वाचत होते. मला त्याचा कंटाळा आला होता. मी खालच्या चौकटीत लिहिलं, "आबा, मी आहे इथे. ऑफिसातून दिसतंय मला."

पुसणं थांबलं.

मग अक्षरं आली. "कधीपासून."

"मघापासून," मी लिहिलं. "आधीही कधी कधी. नेट तपासायला."

त्यानंतर पान कोरं झालं. आबांचा गोल राखाडी झाला.

मी अर्धी रजा टाकून निघाले. लीडने तोंड वाकडं केलं. रिक्षात बसल्यावर काय बोलायचं याचा विचार करत होते. माझं आणि आबांचं बोलणं कधी फारसं नव्हतंच. ते मोठ्याने बोलायचे आणि मी "हो आबा" म्हणायचे, एवढंच आमचं नातं.

घरी आले तर त्यांनी चहा टाकला होता. दोन कप. टॅब कपाटावर उपडा ठेवलेला. समोर पाटी होती. मी बसल्यावर त्यांनी सावकाश लिहिलं आणि पाटी माझ्याकडे वळवली.

"बाजारात ओरडायचो ते सगळ्यांनी ऐकायचं. बाकीचं माझं."

"हो आबा," मी म्हटलं. मग मीच म्हणाले, "चुकलं. मी माझी वाट काढून टाकते त्यातून. आजच. परत कोणाला दिसणार नाही."

त्यांनी मान हलवली. पाटी पुसली आणि लिहिलं, "बटण पाहिजे."

"कसलं?"

"मी सांगेन तेव्हाच जाईल असं."

चहा पिऊन मी लॅपटॉप उघडला आणि ते बटण बनवलं. आबा शेजारी बसून बघत होते. माझी देखरेखीची वाटही त्यांच्यासमोरच बंद केली. त्यांना त्यातलं काही कळलं नसणार, पण मी काय करतेय ते एकेक सांगत गेले आणि ते ऐकत गेले. मग मी विचारलं, "रात्री भीती वाटते ते ह्यांना सांगू का? की डॉक्टरांना विचारू?"

 त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला, "डॉक्टर."

तपासणीला गेलो तेव्हा मी विचारलं. डॉक्टरांनी हे सगळ्यांनाच वाटतं म्हणून सांगितलं, झोपताना उशी कशी घ्यायची, भोकावर कसला ओला कपडा ठेवायचा ते दाखवलं. आबांनी ते दोनदा करून बघितलं. त्यानंतर नवरा दिवसपाळीला असला की बाहेरच्या खोलीत आबांच्या जवळ गादी टाकायला लागला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. आबांनीच सांगितलं असेल.

बटण मात्र आईंना आवडलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांची तक्रार आली.

"हे काय नोटिशीसारखं सगळं एकदम येतंय? आधी कसं बारीक बारीक यायचं, मी संगं वाचायची. आता कवा लिवताय, कवा गप बसलाय, काय बी कळंना."

आबा माझ्याकडे बघायला लागले. मी परत लॅपटॉप उघडला. कंटाळा आला होता, खरंच, दोन माणसांच्या एका पानाला किती वेळा हात लावायचा. पण या वेळी जरा विचार केला. बटणाऐवजी एक खटका ठेवला. उघडं आणि मिटलेलं. उघडं असताना अक्षर अक्षर जाणार, मिटलेलं असताना काहीच जाणार नाही. खटका फक्त आबांच्या बाजूला. आणि आईंच्या बाजूला एक ओळ, "आबा लिहितायत". खटका मिटलेला असतानासुद्धा ती दिसायची, म्हणजे ते आहेत एवढं आईंना कळेल. ती ओळ दाखवायची का, हे मी आबांना आधी विचारलं. त्यांनी हो म्हणून मान हलवली.

मग एका संध्याकाळी, बारसं झाल्यावर, मी जेवणाची ताटं घेत असताना आईंचा वाचायचा आवाज फोनवरून आला. खटका उघडा होता.

"ल... लव... लवकर... ये. लवकर ये? का ओ? बरं न्हाई का?"

"ब... बरा आ... बरा आहे. घ... घर... मो... मोठं... वा... वाटतं."

दोन खोल्यांचं घर आमचं. आई हसल्या. मग म्हणाल्या, "सोमवारच्या गाडीनं येते."

त्या आल्या. बॅगेत बाजरीचं पीठ, चटणी, आणि बाळाचं एक झबलं, जे नणंदेकडे राहायच्या ऐवजी चुकून इकडे आलं होतं. आबा त्यांना घ्यायला खालपर्यंत गेले होते. जिन्यात दम लागला तर आईच त्यांना धरून वर घेऊन आल्या आणि येता येता बोलत होत्या, थांबतच नव्हत्या.

पुढच्या तपासणीला आबांना गळ्याला लावायचं एक यंत्र मिळालं. हनुवटीखाली टेकवून ओठ हलवले की एक घोगरा, सपाट आवाज निघतो. आई पहिल्यांदा ऐकून उठून आतल्या खोलीत गेल्या. "ह्यो ह्यांचा आवाज न्हाई," मला म्हणाल्या. महिनाभर त्यांनी यंत्राला उत्तरच दिलं नाही, टॅब पुढे करायच्या. मग कधीतरी भाजीवाल्याशी आबा गॅलरीतून यंत्राने भांडले, मेथीच्या जुडीवरून, आणि आई मधे पडून आबांच्या बाजूने बोलल्या. तिथून पुढे सवय झाली.

यंत्राने आबांनी नणंदेला स्वतः फोन केला. तिने बाळाला जवळ धरलं आणि तो घरघरता आवाज ऐकून बाळाने भोकाड पसरलं. आबांनी यंत्र लगेच काढून ठेवलं. आम्हाला वाटलं त्यांना लागलं असेल. पण त्यांचे खांदे हलत होते.

पान अजून चालू आहे. दवाखान्यात ओळख झालेल्या एका बाईंनी आपल्या भावासाठी मागितलं, मी दिलं. तिथून आणखी दोघांनी मागितलं. देताना प्रत्येकाला खटका समजावून सांगते आणि हेही सांगते की मी नोकरी करते, बंद पडलं तर संध्याकाळी बघेन. ते हो म्हणतात आणि दुपारी फोन करतात. ऑफिसात ती खिडकीची सोय काढून टाकूया असं मी मीटिंगमध्ये सुचवलं. लीडने लिहून घेतलं आणि पुढच्या विषयाकडे वळला. सोय अजून तशीच आहे, आणि ती बिघडली की मीच दुरुस्त करते.

परवा रविवारी दुपारी मी आडवी पडले होते. फोन वाजला, कोणाचा तरी गोल राखाडी झाला होता. मी उचलणार, तेवढ्यात आबांनी तो माझ्या उशाशी हात घालून उचलला, यंत्र गळ्याला लावलं आणि त्या सपाट आवाजात पलीकडच्या माणसाला सांगितलं, "पान बंद करा. परत उघडा. पोरगी झोपलीय." आणि फोन ठेवून दिला.